न खेळलेल्यांचा सामना

मध्यंतराला शेजाऱ्याने टीव्हीचा आवाजच बंद केला. खरं तर त्याचाच संघ जिंकत होता, तोही ४२-३. अंगात जॉर्जिया विद्यापीठाची लाल जर्सी, पुढ्यात मी नेलेला पातळ पोह्यांचा चिवडा, आणि चेहरा मात्र मयताला आल्यासारखा. "ही काय मॅच आहे?" म्हणाला, आणि चिवड्यातले शेंगदाणे वेचून खाऊ लागला.

तो ३० डिसेंबर २०२३चा ऑरेंज बोल. अमेरिकेत कॉलेज फुटबॉलचा हंगाम संपला की चांगल्या संघांना एकेका मानाच्या सामन्याचं बोलावणं येतं, तोच बोल गेम. त्या वर्षी फ्लोरिडा स्टेटने १३ पैकी १३ सामने जिंकले होते. पण नोव्हेंबरात त्यांचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाली चालवणारा मुख्य खेळाडू, जॉर्डन ट्रॅव्हिस पायाच्या दुखापतीने बाद झाला. निवड समिती म्हणाली, आता हा संघ पहिल्यासारखा उरला नाही. विजेतेपदासाठीच्या चार संघांच्या प्लेऑफमधली शेवटची जागा एक सामना हरलेल्या अलाबामाला गेली. पाचव्या क्रमांकावर राहिलेल्या फ्लोरिडा स्टेटच्या वाट्याला मायामीजवळचा हा सामना आला, समोर सहाव्या क्रमांकाचं जॉर्जिया. मग फ्लोरिडा स्टेटचे वीसहून जास्त खेळाडू उतरलेच नाहीत. कुणी व्यावसायिक फुटबॉलच्या तयारीला लागलं, कुणी दुसरं विद्यापीठ गाठलं, कुणी जायबंदी. ६३-३. बोलच्या इतिहासात एवढ्या फरकाने कुणी हरलं नव्हतं.

दोन महिन्यांनी, फेब्रुवारी २०२४मध्ये, आमच्या घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हाच वाद पेटला, फक्त खेळ वेगळा. क्रिकेट मंडळाने श्रेयस अय्यर आणि ईशान किशन यांना वार्षिक करारातून वगळलं होतं. श्रेयसने पाठ दुखते म्हणून मुंबईचा रणजीचा उपांत्यपूर्व सामना सोडला होता. नागपूरच्या माझ्या मामेभावाने लिहिलं, "आयपीएल आली का पाठ कशी टकाटक होते न बे यांची!" खाली अंगठ्यांची रांग. त्यात माझाही एक.

तो अंगठा मला नंतर टोचत राहिला. कारण त्या दिवशी शेजाऱ्याच्या बेसमेंटमध्ये बसून मी फ्लोरिडा स्टेटच्या पोरांची बाजू घेतली होती, आणि घेतली ती जेलन स्मिथचं नाव घेऊन. १ जानेवारी २०१६, फिएस्टा बोल, नोत्र दाम विरुद्ध ओहायो स्टेट. व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्या पुढच्या निवडीत पहिल्या पाचांत जाणार असं ज्याच्याबद्दल बोललं जात होतं, त्या नोत्र दामच्या मुलाचा गुडघा त्या सामन्यात गेला. अस्थिबंध तुटले, मज्जातंतूला इजा झाली, आणि निवडीत तो ३४वा गेला. त्याच वर्षअखेरीला लेनर्ड फोर्नेट आणि ख्रिश्चन मॅकॅफ्री या कॉलेज खेळाडूंनी आपापले बोल सामने सोडले, तेव्हा त्यांना स्वार्थी म्हणणारे पुष्कळ निघाले. आज कुणी भुवईही उंचावत नाही.

मग श्रेयसला एक न्याय आणि यांना दुसरा का? मला वाटतं, फरक खेळाडूत नाही, सामन्यात आहे. रणजी ही शिडी आहे. मागून येणाऱ्या पोराला श्रेयससारख्यासमोर चेंडू टाकायला मिळणं हीच तिची एक पायरी. बोल ही हंगाम संपल्यावरची पंगत. यजमान टीव्हीवाले आणि प्रायोजक, वाढपी मात्र ही पोरं. आणि २०२१पर्यंत शिष्यवृत्ती सोडली तर त्यांना दक्षिणाही नव्हती. जाहिराती वगैरेंतून स्वतःच्या नावावर कमावण्याची मुभासुद्धा त्या वर्षीच्या जुलैत मिळाली.

शेजाऱ्याचं म्हणणं, आता तर २०२५च्या न्यायालयीन तडजोडीनंतर विद्यापीठं थेट पैसे मोजतात, मग खेळायला काय झालं? हे मला पटतं. पैसे देता तर कागदावर बोल गेम खेळणंही लिहा, आणि गुडघा गेला तर काय देणार तेही लिहा. निष्ठेची प्रवचनं मात्र नकोत. एका हंगामात तीन विद्यापीठांशी बोलणी करणारे प्रशिक्षक इथे कमी नाहीत, त्यांना कुणी प्रवचन देत नाही.

मार्चमध्ये वानखेडेवर मुंबई-विदर्भ अंतिम सामना झाला. श्रेयस खेळला. दुसऱ्या डावात ९५ केल्या, आणि चौथ्या दिवशी पाठीमुळे क्षेत्ररक्षणाला आलाच नाही. म्हणजे पाठ खरंच दुखत होती. ५३८ धावांचं लक्ष्य घेऊन विदर्भ पाचव्या दिवसापर्यंत चिवटपणे लढला, ३६८ केल्या, अक्षय वाडकरने शतक ठोकलं.

मी ग्रुपवर लिहिलं, "बघा, पाठीचं खोटं नव्हतं. अंगठा मागे घेतो."

मामेभावाचं उत्तर लगेच आलं, "थे जाऊ दे. वाडकर कसा खेळला, थे सांग आधी."