राष्ट्राध्यक्षपदासाठी देश निवडताना

सोसायटीचं चेअरमनपद वर्षानुवर्षं सांभाळून तुमचा जीव आता त्यात रमत नसेल, तर जरा मोठं स्थळ बघायला हरकत नाही. मध्य आशियात पाच देश एकमेकांना खेटून आहेत: कझाकस्तान, उझबेकिस्तान, तुर्कमेनिस्तान, ताजिकिस्तान आणि किर्गिझस्तान. पाचही 1991 साली एकाच सोव्हिएत वाड्यातून वेगळे निघाले. पाचही ठिकाणी घटना आहे, संसद आहे, मतपेटी आहे. वरवर पाहिलं तर कोणतंही पसंत करावं. पण चौकशी केलेली बरी. खुर्ची सारखी असली तरी बूड किती वर्षं टेकतं, ते प्रत्येक घरी वेगळं.

चौकशी करताना घटना वाचत बसू नका. दोनच कार्यकाळांची अट तुम्हाला बऱ्याच ठिकाणी दिसेल आणि तुम्ही उगीच खचून जाल. दोन म्हणजे किती, हे तिथे ज्याचं त्याने ठरवायचं असतं. कझाकस्तानने 2007 मध्ये ही अट फक्त ‘पहिल्या अध्यक्षां’ना माफ केली. पहिला अध्यक्ष एकच असतो, त्यामुळे नझरबायेव यांच्या सवलतीत वाटेकरी यायची भीती नव्हती. ताजिकिस्तानने 2016 मध्ये सार्वमत घेऊन अध्यक्ष रहमोन यांना हीच सोय केली. त्याच सार्वमतात उमेदवाराचं किमान वय 35 वरून 30 वर आणलं. रहमोन यांचे चिरंजीव तेव्हा 28 वर्षांचे होते, हा योगायोग म्हणून सोडून द्या. उझबेकिस्तानची पद्धत मला सगळ्यात नेटकी वाटते. तिथे 2023 मध्ये कार्यकाळ पाचाचा सात वर्षांचा केला आणि अध्यक्ष मिर्झियोयेव यांची आधीची वर्षं पुसून पाटी कोरी करून दिली.

निवडणुकीला घाबरू नका. विरोधक मात्र घरंदाज हवा. 2000 साली उझबेकिस्तानात अध्यक्ष करिमोव यांच्यासमोर जलोलोव नावाचे एकच गृहस्थ उभे होते. मतदान करून बाहेर आल्यावर त्यांनी सांगून टाकलं की आपण मत करिमोव यांनाच दिलं. इतका सुसंस्कृत विरोधक आपल्याकडे ग्रामपंचायतीलासुद्धा मिळत नाही.

टक्केवारी फार वाढली तर लाजू नका. 2015 मध्ये 97.7 टक्के मतं पडल्यावर नझरबायेव यांनी रीतसर दिलगिरी व्यक्त केली होती: अतिलोकशाहीवादी देशांना हा आकडा रुचणार नाही, पण मी हात घातला असता तर ते लोकशाहीला धरून झालं नसतं! माझा जीव तुटतो तो तुर्कमेनिस्तानच्या नियाझोव यांच्यासाठी. 1992 साली उमेदवार ते एकटेच, आणि मतं 99.5 टक्के. उरलेला अर्धा टक्का कोण, या विचाराने माणसाला झोप कशी लागावी?

आता वारसाचं बघू. तुमच्या पश्चात खुर्ची कोणाकडे, हा घटनेतला सगळ्यात करमणुकीचा भाग. डिसेंबर 2006 मध्ये नियाझोव वारले. घटनेप्रमाणे हंगामी अध्यक्ष व्हायचे ते संसदेचे सभापती. पण नेमका तोच मुहूर्त साधून त्यांच्यावर फौजदारी खटला उभा राहिला आणि खुर्चीवर बसले दंतवैद्य असलेले आरोग्यमंत्री बेर्दीमुहम्मेदोव. हंगामी अध्यक्षाला निवडणूक लढवता येत नाही, असं एक कलम मध्ये आलं. ते बदललं. दहा वर्षांनी, 2016 मध्ये, शेजारच्या उझबेकिस्तानात करिमोव गेले. तिथे मान होता सिनेटच्या अध्यक्षांचा. त्यांनी तो नम्रपणे नाकारला आणि पंतप्रधान मिर्झियोयेव पुढे आले. दोन शेजाऱ्यांच्या राज्यपद्धतींत फरक काय, असं कोणी विचारलंच, तर हा सांगा: एका घरी दावेदारावर खटला लागतो, दुसऱ्या घरी दावेदाराला नम्रता सुचते. दंतवैद्यांनी पुढे 2022 मध्ये खुर्ची मुलाला दिली. अध्यक्षाला चाळिशी पूर्ण लागते, ती चिरंजीवांनी काही महिने आधीच गाठली होती.

नावांच्या मोहात मात्र पडू नका. नियाझोव यांनी 2002 मध्ये जानेवारीला स्वतःचं बिरुद दिलं आणि एप्रिलला आईचं नाव. 2008 मध्ये दोन्ही महिने पूर्ववत झाले. सूर्याकडे तोंड करून फिरणारा त्यांचा सोनेरी पुतळाही पुढे गावाबाहेर गेला. नझरबायेव यांनी 2019 मध्ये राजीनामा दिला, तर दुसऱ्याच दिवशी राजधानीला त्यांचं नाव द्यायचं ठरलं. 2022 मध्ये ती परत अस्ताना झाली. वाढदिवसाचे फ्लेक्स उतरतात, तितक्याच निमूटपणे.

राहिलं किर्गिझस्तान. आपल्याकडची पोरं एमबीबीएसला बिश्केकला जातात, तो देश. हे स्थळ आलं तर पत्रिका जुळत नाही म्हणून कळवा. बाकीच्या चारांपैकी तीन घरी कम्युनिस्ट पक्षाच्या प्रथम सचिवांनी नुसती दारावरची पाटी बदलली. इथे अकायेव नावाचा भौतिकशास्त्रज्ञ आणून बसवला. वळण तिथेच बिघडलं. लोकांना चौकात जमायची खोड लागली. 2005 मध्ये अकायेव यांची खुर्ची गेली, 2010 मध्ये बाकियेव यांची, 2020 मध्ये जीनबेकोव यांची. मधल्या काळात अध्यक्ष झालेल्या ओतुनबायेवा बाईंनी तर कहर केला. मुदत संपली म्हणून 2011 मध्ये त्या स्वतःहून खुर्ची सोडून गेल्या! शेजाऱ्यांना काय वाटेल, याचा विचारही केला नाही. 2020 मध्ये तुरुंगात शिक्षा भोगणाऱ्या जपारोव यांना जमावाने रात्रीत बाहेर काढलं आणि दहा दिवसांत ते पंतप्रधान झाले, वर हंगामी अध्यक्षही. 2021 च्या घटनेने त्यांनी अध्यक्षाचे अधिकार वाढवून घेतले, म्हणजे घर सुधारायला लागलंय असं म्हणता येईल. पण चौक अजून तिथेच आहे.

तरीही हट्ट असेल, तर विमानात इंधन भरून ठेवा आणि कुठे उतरायचं ते आधीच ठरवा. अकायेव मॉस्कोला गेले. बाकियेव जास्त जाणते, त्यांनी बेलारूसची राजधानी मिन्स्क धरली. तिथले यजमान 1994 पासून तेच आहेत, त्यामुळे पाहुण्याला मुक्काम हलवावा लागत नाही.