स्पेस गेममध्ये बायका कमी का? फिरत्या मजकुराला उत्तर

गेमिंगच्या मराठी ग्रुपांवर एक मजकूर पुन्हा पुन्हा फॉरवर्ड होतोय. त्याचा गाभा असा: ‘ईव्ह ऑनलाइन’सारख्या अवकाश-गेममध्ये शंभरात चार-पाचच बायका असतात, म्हणजे त्यांना त्यात रसच नाही, त्रिमितीचं भान आणि गणित हा त्यांचा प्रांत नाही, तिथे कुणी कुणाला अडवत नाही, शिव्या सगळ्यांनाच पडतात, आणि बायकांना आणण्याच्या नादात हे गेम मवाळ होतील, त्यांची धार जाईल. पुढे ढकलणारे वर ‘कडू आहे, पण खरं आहे’ असंही जोडतात.

मी हे गेम खेळते, त्यांच्यावर माझा जीव आहे, म्हणून या मजकुराचा मुद्देसूद समाचार घ्यायचा आहे. त्यातला पहिला आकडा बरोबर आहे, आणि त्या एका आकड्याच्या जोरावर बाकीचं सगळं खपवलं जातंय.

आधी तो आकडाच घेऊ. ‘ईव्ह’ ही आइसलंडमधल्या रेक्याविकच्या सीसीपी गेम्सची निर्मिती, मे २००३ पासून सुरू असलेली. जगभरचे खेळाडू एकाच विश्वात उडतात, व्यापार करतात, एकमेकांना लुटतात. तिथे बायका शंभरात चार-पाच, हे कंपनीकडूनच वर्षानुवर्षं सांगितलं गेलंय. मान्य. पण यावरून ‘अवकाशात रस नाही’ हा निष्कर्ष कसा निघाला? क्वांटिक फाउंड्री या संशोधन संस्थेने २०१७ मध्ये अडीच लाखांहून जास्त गेमरांच्या उत्तरांवरून कुठल्या प्रकारच्या गेममध्ये किती बायका आहेत ते मांडलं. विज्ञानकथांवर बेतलेल्या मोठ्या ऑनलाइन गेममध्ये सरासरी १६ टक्के बायका निघाल्या, आणि त्याच गटातल्या ‘स्टार वॉर्स: द ओल्ड रिपब्लिक’मध्ये जवळपास २९ टक्के. तिथेही यानं आहेत, लेझर आहेत, परके ग्रह आहेत. अडचण अवकाशाची असती तर सगळीकडे साधारण सारखीच रड असती. एका गेममध्ये चार-पाच आणि दुसऱ्यात एकोणतीस, तर फरक गेमच्या घडणीत आणि तिथल्या माणसांच्या वागण्यात शोधायला हवा.

घडणीचं उदाहरण द्यायचं तर ‘स्टार सिटिझन’. २०१२ मध्ये लोकांकडून पैसे गोळा करायला सुरुवात झाली. पुढे यानं आली, हँगर आले, लढाया आल्या, पण खेळाडूला स्त्रीचं शरीर घ्यायची सोय आली एप्रिल २०१९ मध्ये, अल्फा ३.५ या चाचणीच्या आवृत्तीबरोबर. ‘कर्बल स्पेस प्रोग्राम’, म्हणजे कर्बल नावाच्या छोट्या जीवांसाठी यानं बांधून उडवायचा गेम, २०११ पासून लोकांच्या हातात होता. त्यातली पहिली स्त्री अंतराळवीर व्हॅलेंटिना एप्रिल २०१५ मध्ये, १.० आवृत्तीत आली. चार वर्षं सगळे कर्बल पुरुष होते. ज्या घरात आपल्यासाठी पाटच मांडलेला नाही तिथे आपण जेवायला का बसलो नाही, असं विचारण्यात काय अर्थ आहे? मात्र एवढ्यानं सगळं उलगडत नाही, हेही सांगायला हवं. ‘ईव्ह’मध्ये पहिल्यापासून स्त्री पात्र घेता येतं, तरी आकडा तिथे इतका खाली. म्हणजे खरी गाठ पुढे आहे.

दुसरा मुद्दा मेंदूचा. हा मला सर्वांत जास्त झोंबतो, कारण तो ऐकून मुली सुरुवातीलाच माघार घेतात. टोरांटो विद्यापीठातल्या फेंग, स्पेन्स आणि प्रॅट या संशोधकांनी २००७ मध्ये एक साधा प्रयोग प्रसिद्ध केला. आधी असे गेम न खेळलेल्या मुलामुलींना दहा तास अ‍ॅक्शन गेम खेळायला दिला. नजरेच्या टप्प्यात एकाच वेळी किती गोष्टींकडे लक्ष ठेवता येतं, यात सुरुवातीला दिसलेला मुलगे-मुलींमधला फरक जवळजवळ मिटला. मनातल्या मनात आकृती फिरवून बघण्यातला फरकही कमी झाला. दहा तासांत भरून निघणाऱ्या फरकाला ‘प्रांत’ म्हणत नाहीत. त्याला सरावाचा अभाव म्हणतात.

आणि सराव म्हणजे काय, ते ‘कर्बल’ खेळून बघा. तुमचं यान कक्षेत आहे. ज्या स्टेशनला जोडायचं ते त्याच कक्षेत थोडं पुढे आहे. मन म्हणतं, इंजिन पेटवा, वेग वाढवा. तसं केलंत की कक्षा वर उचलली जाते, फेरीला वेळ जास्त लागतो आणि स्टेशन आणखी पुढे निघून जातं. गाठायचं असेल तर यान मागे वळवून वेग कमी करायचा, कक्षा जराशी खाली आणायची. खालची फेरी लवकर पुरी होते आणि मधलं अंतर मिटत जातं. हे पहिल्या दिवशी कुणालाच सुचत नाही, पुरुषाला नाही की बाईला नाही. दोनचार वेळा चुकलं की हाताला कळतं. कक्षांचं हेच गणित खऱ्या यानासाठी मांडलं जातं तेव्हा काय होतं? २०१९ मध्ये चांद्रयान-२ पृथ्वीभोवती कक्षा वाढवत वाढवत चंद्राकडे गेलं, तेव्हा प्रकल्प संचालक होत्या एम. वनिता आणि मिशन संचालक होत्या ऋतू करिधल. टीव्हीसमोर बसून टाळ्या वाजवणाऱ्यांना हे ठाऊक असतं, आणि तरी तीच माणसं हा मजकूर पुढे पाठवतात.

राहता राहिला कौशल्याचा प्रश्न. कुइहुआ शेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये एका अमेरिकी आणि एका चिनी ऑनलाइन गेमच्या सर्व्हरवरच्या नोंदीच तपासल्या. कोण काय सांगतं यापेक्षा कोण किती पुढे गेलं ते पाहिलं. बायका पुरुषांइतक्याच वेगाने पातळ्या चढत होत्या. ‘ईव्ह’ तर ‘अवकाशातली स्प्रेडशीट’ म्हणूनच ओळखला जातो. २०२२ मध्ये सीसीपीने मायक्रोसॉफ्टबरोबर थेट एक्सेलशी जोडणीच जाहीर केली. खनिजाचा भाव, मालवाहतुकीचा खर्च, कारखान्याचा नफा यांचे तक्ते बायकांना जमत नाहीत, असं आपल्याकडच्या कुठल्याही बँकेत किंवा सीएच्या ऑफिसात जाऊन म्हणून दाखवावं.

आता तिसरा मुद्दा, आणि इथे थोडं थांबायला हवं: ‘कुणी अडवत नाही, शिव्या सगळ्यांनाच पडतात.’

शिव्या सगळ्यांना पडतात हे खरंच आहे. ‘ईव्ह’मध्ये खेळाडूंनी निवडून दिलेली एक परिषद असते, कौन्सिल ऑफ स्टेलर मॅनेजमेंट, म्हणजे सीएसएम. २०१२ च्या फॅनफेस्टमध्ये तिच्याच तेव्हाच्या अध्यक्षाने, आत्महत्येचे विचार बोलून दाखवलेल्या एका खेळाडूला छळा, असं भर मंचावरून सुचवलं होतं. त्याच्यावर तीस दिवसांची बंदी आली आणि अध्यक्षपद गेलं. वातावरण कोणत्या थराला जाऊ शकतं हे त्यातून कळतं. पण सगळ्यांना पडतात म्हणजे सारख्याच पडतात, असं नाही. कुझनेकॉफ आणि रोझ या दोघांनी ‘हेलो ३’ या गेममध्ये हे मोजलं. आधी ध्वनिमुद्रित केलेली तीच ती निरुपद्रवी वाक्यं, ‘सगळ्यांना नमस्कार’, ‘हा नकाशा मला आवडतो’ अशी, कधी पुरुषाच्या आवाजात, कधी बाईच्या आवाजात वाजवली, कधी काहीच वाजवलं नाही. बाईच्या आवाजाला आलेले वाईट शेरे पुरुषाच्या आवाजाच्या किंवा गप्प राहण्याच्या तिप्पट होते. शब्द तेच, खेळ तोच. २०१५ मध्ये याच माहितीवरच्या पुढच्या अभ्यासात आणखी एक गोष्ट दिसली: बाईच्या आवाजावर जास्त डाफरणारे पुरुष खेळात कच्चे होते. चांगलं खेळणाऱ्यांचं वागणं बरं होतं.

आता हे ‘ईव्ह’ला लावून बघा. तिथे एकटं खेळण्यात फारशी मजा नाही; कॉर्पोरेशनमध्ये, म्हणजे खेळाडूंच्या संघटित गटात, शिरावं लागतं. हेर घुसवण्याची तिथे रीतच आहे, म्हणून भरती करणारे माइकवर मुलाखत घेतात. फ्लीट, म्हणजे यानांचा ताफा, निघाली की एफसी, म्हणजे फ्लीट कमांडर, हेडफोनवर हुकूम देतो. आवाज बंद ठेवणारा माणूस संशयित ठरतो. म्हणजे ज्या आवाजाला तिप्पट शेरे मिळतात तोच आवाज काढून दाखवल्याशिवाय दार उघडत नाही. मला एका कॉर्पोरेशनच्या मुलाखतीत पहिला प्रश्न आला तो ‘तू कुणाची गर्लफ्रेंड?’ हा. माझ्या यानाबद्दल, अनुभवाबद्दल नंतर विचारलं. त्यानंतर मी बरेच दिवस माइक बिघडल्याचं सांगून फक्त टाइप करत खेळले, आणि तेव्हा सगळे मला ‘भाई’ म्हणत होते. अशा किती जणी असतील त्यांची गणती त्या चार-पाचमध्ये होते की नाही, हे तो आकडा सांगत नाही. केली बर्गस्ट्रॉम या अभ्यासिकेने ‘ईव्ह’वर बरंच काम केलंय, आणि तेही खेळणाऱ्यांबरोबर न खेळणाऱ्यांना, सोडून गेलेल्यांना विचारात घेऊन. मला ती दिशा योग्य वाटते. दारातून परत गेलेल्यांना न विचारता ‘त्यांना यायचंच नव्हतं’ म्हणणं ही आळशी समजूत आहे.

अडवणूक दारावरचीच असते असंही नाही. घड्याळसुद्धा अडवतं, आणि ते आपल्याकडे जास्त. ‘ईव्ह’चा सर्व्हर रोज आपल्या दुपारी साडेचारला थोडा वेळ बंद होतो, कारण गेमचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर चालतं आणि तिथे तेव्हा अकरा वाजलेले असतात. युरोपातल्या संध्याकाळी, गेमच्या घड्याळात सात ते दहा या वेळात, मोठ्या फ्लीट निघतात, तेव्हा पुण्यात किंवा नागपुरात रात्रीचे साडेबारा ते साडेतीन झालेले असतात. लढाई मध्येच थांबवता येत नाही. जानेवारी २०१४ मध्ये बी-आर५आरबी या तारामंडळात झालेली लढाई जवळपास एकवीस तास चालली, त्यात टायटन या सर्वांत मोठ्या जातीची पंचाहत्तर यानं फुटली. दोन खोल्यांच्या घरात रात्री दीड वाजता हेडफोन लावून इंग्रजीत ‘टार्गेट लॉक्ड’ म्हणणारा मुलगा असेल तर घरचे फार तर वैतागतात. तीच मुलगी किंवा सून असेल तर दुसऱ्या दिवशी घरात बैठक बसते. आणि बसायला वेळ मिळाला तर हे पुढचं. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला २९९ मिनिटं घालवताना दिसल्या, घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. मधल्या तीन तास बावीस मिनिटांत एक अख्खी फ्लीट जाऊन परत येते.

शेवटचा मुद्दा: बायका आल्या की गेम मवाळ होतील. हा तर इतिहास न वाचता लिहिलेला आहे. २०१० मध्ये पाचव्या सीएसएमच्या अध्यक्षपदी आलेली खेळाडू मिंक्सी ही बाई होती, आणि तिची ओळख काय होती? ती ‘हेलकॅट्स’ या बायकांच्या कॉर्पोरेशनची म्होरकी होती, आणि हेलकॅट्सचा धंदा होता चाचेगिरी. वाट अडवायची, खंडणी मागायची, नाही दिली तर जहाज फोडायचं. शुगर काइल ही दुसरी खेळाडू २०१४ मध्ये सीएसएमवर निवडून आली, पुढच्या वर्षी पुन्हा आली, तीही लो-सेकमधल्या रहिवाशांची बाजू मांडत. पोलिसांचं संरक्षण जवळपास नसलेला तो भाग, मवाळ माणसाने राहावं असा नव्हे.

मिंक्सीने पुढे २०१४ मध्ये सिग्नल कार्टेल उभी करण्यात पुढाकार घेतला. या कॉर्पोरेशनचा नियम कुणावर हल्ला न करण्याचा, काम अवकाश धुंडाळण्याचं आणि अडकलेल्यांच्या सुटकेचं. ‘ईव्ह’मधल्या वर्महोलच्या, म्हणजे अवकाशातल्या तात्पुरत्या बोगद्यांच्या, प्रदेशात बाहेर पडायची वाट सतत बदलते आणि ती शोधायला प्रोब, म्हणजे यानातून सोडायची शोधयंत्रं, लागतात. लढाईत प्रोब गेले, की माणूस अडकला. सिग्नल कार्टेलचे खेळाडू अशा तारामंडळांमध्ये प्रोब आणि लाँचर भरलेले डबे आधीच लपवून ठेवतात. अडकलेला खेळाडू हाक मारतो, त्याला डब्याची जागा सांगतात, तो सामान घेऊन वाट शोधतो आणि घरी जातो. त्याने कालच कुणाला लुटलेलं असलं तरी चालतं.

यातून गेमचा एकही नियम सौम्य झालेला नाही. आजही ‘ईव्ह’मध्ये जहाज फुटलं की फुटलं, विम्याचे थोडे पैसे सोडले तर हाती काही येत नाही, आणि विश्वासघाताची तक्रार कुणी ऐकून घेत नाही. चाचेगिरी करणाऱ्या, परिषद चालवणाऱ्या आणि अनोळखी माणसाला बाहेर काढणाऱ्या बायका त्यात इतकी वर्षं वावरल्या. धार गेली ती नेमकी कुठे, हे मजकूर पुढे पाठवणाऱ्यांनी दाखवून द्यावं.