नांगर टाकण्याआधी खाली पाहावे

आज सकाळी आमच्या शाळेच्या ग्रुपवर एका वर्गमित्राने माल्टाच्या सहलीचा व्हिडिओ पाठवला. कोमिनो बेटाच्या ब्लू लगूनमध्ये दोन मजली बोट उभी आहे, वरच्या मजल्यावरून थेट पाण्यात जाणारी घसरगुंडी आहे, गाणे इतक्या मोठ्याने लावले आहे की बोलणाऱ्याचा शब्द कळत नाही, आणि आजूबाजूला तशाच आणखी सात-आठ बोटी आहेत. खाली लिहिले होते, "पैसा वसूल." याच व्हिडिओत क्षणभर एका बोटीचा नांगर साखळीसह खाली जाताना दिसतो, आणि तो जिथे जातो तिथले पाणी निळे नाही, काळपट आहे. ग्रुपवर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मला तेव्हापासून दुसरे काही सुचत नाही.

माझी भाची माल्टात नर्स आहे. २०१८ च्या मे महिन्याच्या अखेरीस मी तिच्याकडे गेले होते, तेव्हा गोझो बेटावरच्या तिच्या शेजारच्या वृद्ध मच्छीमार आजोबांनी आम्हाला त्यांच्या लुत्सूतून किनारा दाखवायला नेले. लुत्सू म्हणजे तिथली पारंपरिक लाकडी होडी. निळ्या, पिवळ्या, तांबड्या पट्ट्यांनी रंगवलेली, आणि नाळेच्या, म्हणजे पुढच्या टोकाच्या, दोन्ही बाजूंना दोन डोळे असलेली. संकटापासून ते डोळे होडीला सांभाळतात अशी समजूत आहे. इम्जार बंदरातून निघून आम्ही कोमिनोच्या दिशेने गेलो. या बेटाचे माल्टी नाव केम्मुना, म्हणजे जिऱ्यावरून पडलेले. जेमतेम साडेतीन चौरस किलोमीटरचे हे बेट. १६१८ मध्ये बांधलेला एक पहारेबुरूज, थाइमची झुडपे, आणि सगळीकडे चुनखडीचा खडक.

पोहण्यासाठी थांबायचे ठरले तेव्हा आजोबांनी इंजिन मंद केले आणि फळीखालून काचेच्या बुडाची एक बादली काढली. ती पाण्यावर टेकवून, त्यात डोके घालून ते बराच वेळ खाली पाहत राहिले. होडी थोडी पुढे नेली, पुन्हा पाहिले. मला वाटले काही हरवले आहे. भाचीने विचारले तेव्हा त्यांनी बादली माझ्या हातात दिली. खाली हिरव्या लांब पात्यांचे कुरण होते, वाऱ्यात भाताचे शेत हलावे तसे हलणारे, आणि त्यापलीकडे पांढऱ्या वाळूचा तुकडा. त्यांनी नांगर त्या वाळूत सोडला, फेकला नाही, दोर हातातून हळूहळू जाऊ दिला. तोंडाने एकच शब्द पुटपुटत होते, "बिल-मोद". भाची म्हणाली, "मावशी, म्हणजे सावकाश."

ते कुरण पोसिडोनियाचे. ते शेवाळ नव्हे. मुळे, पाने, फुले असलेली ही वनस्पती फक्त भूमध्य समुद्रात सापडते. माशांची पिल्ले तिच्यात वाढतात, तिची मुळे तळाची वाळू धरून ठेवतात, आणि तिची वाळलेली पाने किनाऱ्यावर ढिगाने साचून लाटांचा मार झेलतात. पर्यटकांना तो ढीग घाण वाटतो. हे कुरण वर्षाला काही सेंटिमीटरच पसरते, म्हणजे एक नांगर दोन मिनिटांत जे उपटतो ते भरून यायला माणसाचे आयुष्य पुरत नाही. ज्या काळपट पाण्यात तो नांगर गेला, ते पाणी तळाशी हेच कुरण असल्याने काळपट होते. आणि आमचे मित्र म्हणतात पैसा वसूल! कोणाचा, आणि कोणाकडून?

मोठ्या बोटीचे तिकीट स्वस्त असते आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला तिच्यात चढणे सोपे जाते, हे मला मान्य आहे. समुद्र स्वतःही किनारा मोडतो, हेही खरे. गोझोची जगप्रसिद्ध अझुर विंडो ही खडकाची कमान ८ मार्च २०१७ रोजी वादळात कोसळली, तिला कोणत्याही बोटीने धक्का दिला नव्हता. पण घर भूकंपात पडू शकते म्हणून आपण रोज त्याच्या भिंतीत पहार घालत नाही.

त्या दिवशी परतीच्या वाटेवर आजोबांनी आम्हाला गोझोच्या दक्षिणेला ता चेंचच्या कड्यांखाली नेले. १०० मीटरांहून उंच सरळ भिंत, आणि तिच्या पायथ्याशी त्यांनी इंजिन बंद केले. तो शांतपणा मी विसरू शकत नाही. पाणी खडकाच्या पोकळीत शिरायचे आणि आत कुठेतरी कोणी श्वास सोडावा तसा आवाज यायचा. ऊन उतरले तसे समुद्रपक्षी लांबवर पाण्यावर थव्याने येऊन बसू लागले. कड्यांच्या कपारींत त्यांची घरटी असतात आणि पूर्ण अंधार झाल्याशिवाय ते घरट्याकडे जात नाहीत. उजेड आणि गोंगाट असला की बाहेरच ताटकळतात, आणि आत पिल्लू वाट पाहत असते. आम्ही तिघे अर्धा तास एक शब्द न बोलता बसलो होतो. हे लिहितानाही माझा आवाज खाली आल्यासारखा वाटतो आहे.

मी एक गोष्ट लपवणार नाही. त्याच्या दोनच दिवस आधी मी स्वतः तशाच एका मोठ्या बोटीने ब्लू लगूनला जाऊन आले होते, आणि मलाही आनंदच झाला होता. बोटीचा नांगर कुठे पडला हे मी पाहिले नव्हते. मालवणला, सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ, प्रवाळांवर नांगर टाकणाऱ्या होड्या मी लहानपणापासून पाहत आले आहे, तरीही पाहिले नव्हते. म्हणून माझा राग त्या मित्रावर जितका आहे, त्याहून जास्त त्या बोटवाल्यांवर आहे, कारण तळाशी काय आहे हे त्यांना रोज दिसते.

ब्लू लगूनला जायला २०२५ पासून आधी नोंदणी करावी लागते. चांगले झाले, उशिरा झाले. स्पेनच्या बालेआरिक बेटांनी तर २०१८ मध्येच पोसिडोनियावर नांगर टाकण्यास मनाई केली. माल्टात किती नोंदणी झाली याच्याइतकेच, बोटी नांगर कुठे टाकतात हेही कोणीतरी उभे राहून पाहायला हवे.

दुपारी मी त्या मित्राला फोन केला. आधी तो चिडला, मग म्हणाला की मुलगी आणि जावई जूनमध्ये तिकडेच जाणार आहेत. मी त्याला भाचीचा नंबर दिला. ते आजोबा आता समुद्रावर जात नाहीत, त्यांचा मुलगा लुत्सू चालवतो. भाचीला विचारून घेतले; काचेच्या बुडाची बादली अजून फळीखालीच असते.