जुने सिनेमे तपासून मिळतील

एखादा जुना सिनेमा आज बघण्याच्या लायकीचा उरलाय का, हे ठरवायला तो बघावा लागत नाही. हे ज्ञान मला गेल्या शनिवारी ठाण्यात, भाच्याच्या घरी, पंचावन्न इंची टीव्हीसमोर झालं. तोवर मी खुळ्यासारखी सिनेमे बघत होते. तुमची तरी अशी फसगत होऊ नये म्हणून ही सगळी पद्धत जशी पाहिली तशी इथे देते आहे.

सिनेमा शक्यतो घरातल्या वडीलधाऱ्या माणसाच्या जिव्हाळ्याचा निवडावा. आमच्याकडे ते माणूस मी. "मावशी, तू सारखी म्हणतेस ना, तो एडी मर्फीचा पोलिसवाला पिक्चर? लावू या आज. बघू तरी होल्ड अप होतो का." पोलिसांचा सिनेमा म्हटल्यावर मला आधी वाटलं, कुणीतरी कुणावर पिस्तूल रोखायचंय. तर होल्ड अप म्हणजे आजच्या काळात टिकतो का. बरं.

सिनेमा 'बेव्हर्ली हिल्स कॉप', साल 1984. डेट्रॉईट या कारखान्यांच्या शहरातला एक आगाऊ पोलीस, ॲक्सल फोली, म्हणजेच एडी मर्फी. त्याच्या मित्राचा खून होतो. वरिष्ठ तपासात पडू नकोस म्हणतात, तर हा रजा टाकून थेट कॅलिफोर्नियात, बेव्हर्ली हिल्सच्या गर्भश्रीमंत वस्तीत जाऊन थडकतो. तिथले पोलीस सुटाबुटातले, नियमाबाहेर शिंकणारही नाहीत असे. गोष्ट एवढीच. मी तो पहिल्यांदा पाहिला 1987 च्या मे महिन्यात, डोंबिवलीला काकांकडे. भाड्याचा व्हीसीआर, एका रात्रीत तीन कॅसेटी संपवायच्या, आणि हिचा नंबर लागला पहाटे अडीचला. पडद्याच्या खालच्या बाजूला एक पट्टा सतत थरथरत होता. सबटायटल नव्हती, निम्मं इंग्रजी डोक्यावरून जात होतं, तरी आम्ही नऊ जण उशीत तोंड खुपसून हसलो. उशी आजीसाठी, ती पलीकडे झोपली होती. ही माहिती तुमच्या काही कामाची नाही, मला कल्पना आहे.

तर पद्धत. सुरुवात कधीही बघू नये. सुरुवातीला कुशन कुणाचं, पंखा किती, चार्जर कुठे, ही कामं असतात. तेवढ्यात 'द हीट इज ऑन' गाण्यावर डेट्रॉईटचे कळकट रस्ते, कारखाने, कोपऱ्यावर उभी पोरंबाळं सरकून जातात, ती जाऊ द्यावीत. मग पुढे बेव्हर्ली हिल्सची पामची झाडं आणि चकचकीत गाड्या आल्या, की "हा त्या खटारा गाडीत बसून एकटाच काय हसतोय?" असं विचारावं. त्याचं उत्तर न पाहिलेल्या तीन मिनिटांत होतं. पण उत्तर हवंय कुणाला?

दीडपट वेगाने लावता आला तर फारच उत्तम.

दर दहा मिनिटांनी 'लॉजिक' हा शब्द उच्चारावा. ॲक्सल महागड्या हॉटेलात आरक्षण नसताना शिरतो. मायकल जॅक्सनची मुलाखत घ्यायला आलेला पत्रकार असल्याचं ठोकून देतो, आणि मी काळा म्हणून खोली नाकारताय ना, असा भर लॉबीत आवाज चढवतो. त्याला खोली मिळते. "असं कसं मिळेल? लॉजिकच नाही," भाच्याचा मित्र म्हणाला. आरोप साफ खोटा आहे, पण लॉबीत उभ्या असलेल्या एकालाही तो खोटा वाटत नाही, म्हणून खोली मिळते बाबा! आणि भाडं रात्रीचं 235 डॉलर आहे हे कळल्यावर या बनेल माणसाचा चेहरा कसा पडतो, ते बघायला मान वर करावी लागते.

संगीत वाजलं की "अरे, हे तर बेडकाचं गाणं!" असं ओरडावं. हॅरोल्ड फाल्टरमायरने सिंथेसायझरवर केलेली ती धून, नाव 'ॲक्सल एफ', म्हणजे नायकाचंच नाव. 2005 मध्ये तिच्यावर एक ॲनिमेटेड बेडूक बसवला आणि ती जगभर रिंगटोन म्हणून केकाटली. म्हणजे सिनेमाने बेडकाची धून चोरली. एकवीस वर्षं आधी.

फोन खाली ठेवायची मुभा एकदाच घ्यावी, ओळखीचा चेहरा दिसला तर. ॲक्सलच्या मित्राला गोळी घालणारा गुंड म्हणजे जोनाथन बँक्स, 'ब्रेकिंग बॅड' मालिकेतला माइक. अख्ख्या खोलीत जल्लोष झाला. "माइक! माइक!" मग त्याचं तेव्हाचं वय काढण्यासाठी सगळे पुन्हा फोनमध्ये गेले. तेवढ्यात इकडे मित्र मेला. अख्ख्या सिनेमात काळीज हलवणारा प्रसंग तेवढाच आहे, आणि त्यावर माझ्या शेजारून आवाज आला, "केस होते रे त्याला!"

आता यापुढची पायरी महत्त्वाची. जे दिसेल त्याला 'क्लिशे' म्हणावं, म्हणजे वापरून वापरून गुळगुळीत झालेलं. तोंडाळ पोलीस, क्लिशे. सरळमार्गी पोलिसांशी त्याची जोडी, क्लिशे. आरडाओरडा करणारा साहेब तर भयंकरच क्लिशे. "टिपिकल बॉस रे," भाचा म्हणाला. तो टिपिकल बॉस म्हणजे गिल्बर्ट हिल. नट नव्हे, डेट्रॉईट पोलिसांत खुनांचा तपास करणारा खराखुरा अधिकारी. पुढे तो त्या शहराच्या कौन्सिलचा अध्यक्ष झाला. तो ॲक्सलला झापतो ते पाठ केलेलं वाटत नाही, आयुष्यभर कनिष्ठांना झापत आलेल्या माणसासारखं वाटतं, कारण तसंच आहे ते! पण सांगणार कुणाला? बरं, असलं काही आधी झालंच नव्हतं असा माझा दावा नाही. खुद्द मर्फीचाच '48 अवर्स' 1982 मध्ये येऊन गेला होता. हा सिनेमा तर आधी सिल्व्हेस्टर स्टॅलोनसाठी होता. त्याला विनोद नको होता, मारधाड हवी होती. तो बाहेर पडला आणि आपली मारधाड 1986 च्या 'कोब्रा'त घेऊन गेला. म्हणजे जो भाग तुम्ही 'टिपिकल' म्हणून ओवाळून टाकताय, तो ऐन वेळी आलेल्या 23 वर्षांच्या पोराने तोंडाच्या जोरावर उभा केलाय. तेवीस! आमचे भाचेबुवा तेविसाव्या वर्षी मेसचा डबा आवडत नाही म्हणून आईला दिवसातून दोनदा फोन करत होते. त्यानंतर चाळीस वर्षं ज्याने त्याने हाच साचा वापरला. तुम्ही नकला आधी पाहिल्या आणि अस्सल माल नंतर, तर शिळा कोण?

आणि केळी! केळी तरी बघायची होती. रात्रीची वेळ. टॅगर्ट आणि रोझवूड हे दोघे पोलीस हॉटेलबाहेर गाडीत बसून ॲक्सलवर पाळत ठेवतायत. तरुण रोझवूड मासिकात वाचलेलं, पन्नाशीपर्यंत माणसाच्या आतड्यात किती तांबडं मांस न पचता साठतं, ते मोठ्या उत्साहाने सांगतोय. आणि त्याच्याहून थोराड टॅगर्ट, संसाराने आणि नोकरीने चेपलेला, वैतागून त्याच्याकडे बघतोय. विनोद त्या बघण्यात आहे. आवाज नाही, धक्का नाही, एक थकलेला माणूस आणि आतड्यांची माहिती. मग ॲक्सल त्यांच्यासाठी हॉटेलातून थाटात जेवण पाठवतो आणि ते खात असताना त्यांच्या गाडीच्या सायलेन्सरमध्ये केळी कोंबून पसार होतो. हे सगळं चालू असताना आमच्या सोफ्यावर चार डोकी एका फोनवर वाकली होती. पिझ्झावाला माजिवड्याच्या सिग्नलला अडकला होता. नकाशावरचा तो ठिपका हलत नव्हता, आणि चार शिकलीसवरलेली माणसं न हलणाऱ्या ठिपक्याकडे श्वास रोखून बघत होती. त्या ठिपक्याला कुणी स्लो म्हणालं नाही.

मग बेल वाजली. कधी? तर ऐन पोलीस स्टेशनच्या प्रसंगात. पाळतीवरचे दोघे पोलीस ॲक्सलबरोबर नाचणाऱ्या बायकांच्या क्लबात सापडलेत. तिथे तिघांनी मिळून दरोडा हाणून पाडलाय, पण मुळात ते तिथे होतेच कशाला, असं त्यांचा साहेब बोगोमिल विचारतोय. ॲक्सल त्यांना वाचवायला एक झकास थाप रचतो. या दोघांची काय ती हुशारी, काय ते धाडस! साहेब टॅगर्टला विचारतो, खरं का हे? आणि टॅगर्ट मान खाली घालून खरं सांगून टाकतो. बनी-बनाई थाप फुकट गेली म्हणून ॲक्सल हतबुद्ध. हा प्रसंग चालू असताना ओरेगॅनोची पाकिटं मोजली जात होती, कारण एक कमी आलं होतं. पुढे शेवटी, सगळा धुरळा बसल्यावर, पोलीसप्रमुख जाब विचारतात तेव्हा तोच बोगोमिल, तोच नियमांचा पुतळा, चेहऱ्यावरची सुरकुती न हलवता धादांत थाप ठोकतो. सगळा सिनेमा या दोन थापांच्या मधे टांगलाय! पहिली थाप ओरेगॅनोत बुडाली, म्हणून दुसरीला कुणी हसलं नाही. आणि वर मलाच सांगितलं, "एंडिंग जरा फ्लॅट आहे ना, मावशी?"

मी काही बोलले नाही. पाहुणी होते.

'प्रॉब्लेमॅटिक' हा शब्द राखून ठेवावा, शेवटच्या वीस मिनिटांत लागतो. तोही फोनवर वाचून म्हणावा, स्वतः काही खटकायची वाट बघू नये. मला मात्र बघता बघता खटकलं. 1987 मध्ये खटकलं नव्हतं, शनिवारी खटकलं. श्रीमंतांच्या क्लबात घुसण्यासाठी ॲक्सल समलिंगी पुरुषाची जी मुरकत नक्कल करतो, तिच्यावर तेव्हा आम्ही हसलो होतो, आता नुसतंच अवघडायला झालं. जेनी ही एवढी चांगली बालमैत्रीण, तिला शेवटी ओलीस ठेवण्यापलीकडे लेखकाला काही सुचलं नाही. आणि खलनायकाच्या बंगल्यातला तो गोळीबार! त्यात ना विनोद, ना भीती, माणसं भिंतींमागून भिंतींवर गोळ्या झाडतायत. मी सुद्धा तेवढ्यात उठून बाकरवडीचा डबा शोधून आणला. सबंध सिनेमात खरोखर जुनं झालेलं काही असेल तर ते हे. आणि नेमकी त्याच वेळी चारही डोकी वर आली. "ॲक्शन चांगली आहे पण," असा निकाल लागला.

सिनेमा संपला की नावं सरकू लागण्याआधी तारे द्यावेत.

भाच्याने दिले. अडीच. पिझ्झ्याच्या तेलकट अंगठ्याने, पाय स्टुलावर, "वन टाइम वॉच" असं पुटपुटत.

वन टाइम? अरे, कुठला टाइम? एकदा तरी बघितलास का? एकशेपाच मिनिटांचा सिनेमा, त्यातली जेमतेम पंचवीस तू पाहिलीस, तीही चुकीची. आणि विचारतोस काय, तर सिनेमा टिकतो का! तो टिकलाय. तो 1984 पासून होता तिथे उभा आहे. ॲक्सल त्याच खटाऱ्यातून येतो, टॅगर्ट त्याच नजरेने रोझवूडकडे बघतो. तो टॅगर्ट करणारा जॉन ॲश्टन 2024 च्या जुलैत चौथ्या भागात पुन्हा दिसला, म्हातारा होऊन, आणि त्याच सप्टेंबरमध्ये गेला. त्याने रोझवूडकडे बघत एक चेहरा केला होता, त्यावर पहाटे अडीचला डोंबिवलीत नऊ पोरं इंग्रजी न कळता हसली. तुला तर इंग्रजी येतं, खाली अक्षरं येतात, मागे नेता येतं, थांबवता येतं, पडदा भिंतीएवढा आहे. तुला दहा मिनिटं एका जागी नजर ठरवता येत नाही, आणि प्रमाणपत्र तू देणार? नाही आवडला तर नाही म्हण ना! बघून नाही म्हण. मला राग येणार नाही, वाद घालू, मजा येईल. पण ज्या थापेवर शेवट उभा आहे ती थाप चालू असताना तू ओरेगॅनो मोजत होतास आणि मला शेवट फ्लॅट म्हणतोस?

पुढच्या शनिवारी माझ्याकडे यायचं. चौघांनीही. फोन दाराशी चपलांच्या कपाटात ठेवायचे. जेवण आधी होईल, पिठलं-भात आहे, काही मागवायचं नाही. आणि ज्याला आतड्यांच्या प्रसंगात उठावंसं वाटेल त्याने आधीच जाऊन यावं.