पिवळा बल्ब संध्याकाळचा, सकाळचा नाही

डॉक्टरसाहेब, नमस्कार.

बाकीच्या वाचकांना संदर्भ लागावा म्हणून तुमचं म्हणणं आधी थोडक्यात सांगते. स्टॉकहोमच्या हिवाळ्यात संध्याकाळी मी घरातले पांढरे एलईडी बंद ठेवते, बैठकीत जुने तारेचे बल्ब आणि झोपायच्या खोलीत मंद लाल दिवा लावते, आणि त्याने मला बरं वाटतं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे तीन आक्षेप आहेत. नैराश्यावरच्या प्रकाशोपचाराच्या चाचण्यांमध्ये मंद लाल दिवा हा मुद्दाम निरुपयोगी उपचार म्हणून वापरतात, तोच मी गुणकारी म्हणून सांगते आहे. तारेचा बल्ब म्हणजे विजेची उधळपट्टी. आणि यंदा इथे स्वीडनमध्येच लुंडला शिकायला गेलेला तुमचा पुतण्या माझा लेख वाचून लाल प्रकाश अंगावर घ्यायचं महागडं पॅनेल मागवायला निघालाय.

पुतण्याचं आधी. त्याला आजच फोन करून सांगा की ते पॅनेल मागवू नकोस. मी पॅनेलबद्दल एक अक्षर लिहिलेलं नाही आणि लिहिणारही नाही. लाल आणि अवरक्त किरणांचा पेशींवर काही परिणाम होतो, हे काम १९६० च्या दशकात हंगेरीत एंद्रे मेश्टर यांच्या उंदरांवरच्या प्रयोगांपासून चालू आहे आणि ते रंजकही आहे. पण तिथून ‘हिवाळ्यातली उदासी जाईल’ इथवर उडी मारायला विक्रेत्यांशिवाय कुणाची हिंमत होत नाही. शिवाय काही जाहिरातींत त्याला ‘घरातलं ऊन’ म्हणतात. ड जीवनसत्त्व बनायला अतिनील किरण लागतात, लाल दिव्याने ते कणभरही बनत नाही.

आता चाचण्यांचा मुद्दा. तो शंभर टक्के बरोबर आहे आणि मी नेमकी त्याच्यावरच उभी आहे. लाल दिवा ‘खोटा उपचार’ म्हणून का निवडतात? डोळ्याच्या पडद्यात काही पेशी अशा असतात की त्यांचं काम चित्र दाखवणं नसतं, दिवस आहे की रात्र हे मेंदूतल्या घड्याळाला कळवणं असतं. त्यांच्यातलं मेलॅनॉप्सिन नावाचं प्रकाश टिपणारं रंगद्रव्य ४८० नॅनोमीटरच्या आसपासच्या निळसर प्रकाशाला सगळ्यात जास्त जागं होतं. मंद लाल प्रकाशाची ते जवळजवळ दखलच घेत नाही. सकाळी रुग्णाला जागं करायचं असेल तर असा दिवा निकामी, हे उघड आहे. पण रात्री आठ वाजता मला त्या घड्याळाला जागं करायचंच नसतं! मला फक्त पुस्तक दिसायला हवं आणि शरीराला रात्र झाल्याचं कळायला हवं.

इथे डिसेंबरमध्ये पावणेनऊच्या सुमारास उजाडतं आणि पावणेतीनला सूर्य गेलेला असतो. झोपेपर्यंतचे सात-आठ तास आपण पूर्णपणे घरातल्या दिव्यांच्या ताब्यात असतो. पुण्यात असताना हा विचार करायची वेळच आली नव्हती. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतल्या एका अभ्यासात ११६ जणांना झोपेआधीचे काही तास २०० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेड मोजायचं एकक) कमी, म्हणजे आपल्या बैठकीच्या खोलीत असतो तेवढ्याच उजेडात बसवलं. अगदी मंद उजेडाच्या तुलनेत जवळपास सगळ्यांचं मेलॅटोनिन, म्हणजे शरीराला रात्र झाल्याचं सांगणारं संप्रेरक, उशिरा सुरू झालं आणि रात्रीतला त्याचा काळ सुमारे दीड तासाने घटला. साध्या खोलीच्या उजेडाने! म्हणून माझा पहिला आग्रह रंगाचाही नाही, उजेड कमी करण्याचा आहे. रंग त्यानंतर.

मग तारेचाच बल्ब का? डिमर फिरवत तो कमी केलात की त्याची तार थंड होत जाते आणि प्रकाश पिवळ्यावरून नारिंगीकडे, नारिंगीवरून निखाऱ्याच्या रंगाकडे सरकतो. उजेड आणि निळा अंश दोन्ही एकदमच उतरतात. साधा एलईडी कमी केला तरी पांढऱ्याचा पांढराच राहतो, आणि स्वस्तातला असेल तर वर फडफडतो. त्या बल्बखाली भाजी भाजीच्या रंगाची दिसते, माणसाचा चेहरा जिवंत दिसतो. हे सुख मला कमी महत्त्वाचं वाटत नाही. इथले शेजारी डिसेंबर लागला की खिडकीत सात दिव्यांचा त्रिकोणी दिवेलावणीचा स्टँड ठेवतात. अख्ख्या रस्त्यावर तोच मऊ पिवळा उजेड असतो, आणि कुणी त्याला उपचार म्हणत नाही.

विजेचं म्हणाल तर आकडा मांडू. ६० वॉटचा एक बल्ब रोज चार तास, चार महिने, म्हणजे साधारण २९ युनिट. तेवढाच उजेड देणारा एलईडी चारेक युनिट घेईल. फरक २५ युनिटचा. इथे त्यातली उष्णता थंड घरातच राहते, वाया जात नाही, पण ती घर गरम करायची स्वस्त पद्धत नाही हे मला मान्य आहे. मे महिन्यात नागपूरला कुणी हे करावं असं मी कधीच म्हणणार नाही. युरोपात हे बल्ब २००९ ते २०१२ मध्ये टप्प्याटप्प्याने बाजारातून गेले, त्यामुळे नव्याने सुरुवात करणाऱ्याने २२०० केल्विनच्या आसपासचा (हा आकडा जितका कमी तितका प्रकाश पिवळा) मंद होणारा एलईडी घ्यावा. ऐंशी टक्के काम होतं. आपल्याकडचा देवघरातला लाल झिरोचा बल्बही झोपायच्या खोलीला पुरेल.

लाल रंगाबद्दल तुम्ही सावध आहात ते योग्यच आहे. प्रकाशोपचारासाठी १९०३ चं नोबेल मिळालेले डेन्मार्कचे डॉक्टर नील्स फिन्सन यांनीच देवीच्या रुग्णांना लाल पडद्यांच्या खोलीत ठेवायचा सल्ला दिला होता. त्वचेच्या क्षयावरचं त्यांचं काम टिकलं, लाल खोली टिकली नाही. एवढा मोठा माणूस चुकू शकतो, तर जाहिरातवाल्यांचं काय घेऊन बसलात.

आता पुतण्यासाठी जे खरंच उपयोगाचं आहे ते. लुंडला डिसेंबरात सात तास उजेड असतो. त्यातला सकाळचा अर्धा तास त्याने बाहेर चालावं, ढग असले तरी, कारण ढगाळ आकाशही घरातल्या दिव्यांपेक्षा कितीतरी उजळ असतं. ते जमत नसेल तर १०,००० लक्सचा पांढरा प्रकाशदिवा, उठल्याउठल्या अर्धा तास. संध्याकाळी मुळीच नाही, झोप आणखी पुढे जाते. त्याला किंवा घरात कुणाला बायपोलरचा त्रास असेल, डोळ्यांच्या पडद्याचा आजार असेल, तर आधी डॉक्टरला विचारल्याशिवाय तोही नको. हे तुम्हाला सांगायला नको, पण वाचणाऱ्या इतरांना सांगायला हवं.

आणि तो सारखा झोपत असेल, वर्ग चुकवत असेल, फोनवर ‘मी ठीक आहे’ एवढंच म्हणत असेल, तर दिव्यांचा विषय बाजूला ठेवा. त्याला ११७७ या इथल्या आरोग्य सल्ल्याच्या क्रमांकावर फोन करायला सांगा, तिथे परिचारिका बोलतात आणि पुढे कुठे जायचं ते सांगतात. विद्यापीठाची विद्यार्थी आरोग्यसेवाही आहे. चालू गोळ्या असतील तर त्या कुठल्याही दिव्यापायी बंद करू नयेत. त्याला माझा ईमेल द्या. लुंडच्या आसपास काही मराठी घरं माझ्या ओळखीची आहेत, रविवारी जेवायला बोलावतील.