गाड्या वाढल्या म्हणजे वाट पाहणं कमी होतंच, असं नाही

‘धोरणात दर 10 मिनिटांनी बस असं ठरवलं, तेवढ्या गाड्या घेतल्या, की झालं’ हा सध्या फिरणारा दावा चुकीचा आहे. गाड्या सारख्या अंतराने आल्या तर कधीही थांब्यावर येणारा प्रवासी सरासरी 5 मिनिटं थांबतो. त्याच गाड्या जोडीने दर 20 मिनिटांनी आल्या तर 10 मिनिटं! उशिराच्या गाडीला थांब्यावर जास्त माणसं भेटतात, चढउतारात ती आणखी रखडते आणि मागची तिला गाठते. म्हणून वेळापत्रकात शेवटच्या थांब्यावर सवड हवी, आणि मधे गाडी रोखून अंतर राखण्याचा अधिकार नियंत्रकाला हवा. सवड किती, हे रोज ती फेरी मारणाऱ्या चालक-वाहकांना आधी विचारायला हवं. माझ्या मते नेमकं तेच राहून जातं.