फर्मवेअर बदललं की स्क्रिप्ट मेली

नेटवर्कचे स्विच (संगणक, कॅमेरे एकमेकांना जोडणाऱ्या पेट्या) बनवणाऱ्या कंपन्यांना अजूनही वाटतं की कमांडचं आउटपुट माणूस स्क्रीनसमोर बसून डोळ्यांनी वाचतो. शेकडो स्विच असलेल्या नेटवर्कवर कोण वाचत बसणार? आम्ही नेटवर्क सांभाळणारे स्क्रिप्ट लिहितो, म्हणजे हे काम आपोआप करणारा छोटा प्रोग्राम. एसएसएचने (दुरून लॉगिन करायची सोय) आत शिरायचं, कमांड द्यायची, आलेल्या मजकुरातून हवं तेवढं उचलायचं, पुढचा स्विच. हे काम जगभरचे अॅडमिन वर्षानुवर्षं करत आलेत. तरी दर अपडेटनंतर पहिले पाढे पंचावन्न!

आज पुन्हा तेच. नवं फर्मवेअर, म्हणजे स्विचच्या आतलं सॉफ्टवेअर, चढवलं आणि पोर्टची यादी देणाऱ्या कमांडमध्ये एक नवा रकाना घुसला. ऑक (मजकुरातले रकाने उचलणारं साधन) बिचारं ठरलेल्या क्रमांकाचा रकाना उचलत होतं, त्याच्या हाती व्हीलॅनऐवजी (पोर्ट नेटवर्कच्या कोणत्या गटात आहे तो क्रमांक) भलतंच काही लागलं. रिलीज नोट्सची पानंच्या पानं चाळली, या रकान्याबद्दल अवाक्षर नाही. अरे, ज्या मजकुरावर लोकांची रोजची कामं चालतात तो बदलताना एक ओळ लिहायला काय जातं तुमचं?

बरं, रकाने तरी नीट असावेत. पोर्टच्या वर्णनात कोणी ‘गोदाम मागचा कॅमेरा’ असं जागा सोडून लिहिलं की मोकळ्या जागेवर तोडणारी स्क्रिप्ट गेली कामातून. अक्षरं मोजून तोडावं, तर लांब वर्णन मध्येच छाटलेलं. एकाच स्विचवर एका कमांडमध्ये पोर्टचं नाव ‘गिगाबिटइथरनेट’ असं पूर्ण, दुसरीत नुसतं ‘जीआय’. मॅक अॅड्रेसचं, म्हणजे उपकरणाच्या हार्डवेअर पत्त्याचं, तर विचारूच नका. लिनक्स दोन-दोन अक्षरांमध्ये विसर्गासारखे दोन ठिपके देतं, विंडोज आडवी रेघ देतं, आणि स्विचवाल्यांपैकी कोणी चार-चार अक्षरांमध्ये टिंब टाकतं तर कोणी चार-चार अक्षरांमध्ये रेघ. पत्ता एकच, तो ४८ बिटांचाच. पण दोन याद्या जुळवायच्या आधी सगळी टिंबं-रेघा खरवडून काढायचं काम आमचं.

आणि ते ‘मोअर’! पानभर मजकूर आला की स्विच थांबतो, स्पेसबार दाबायची वाट बघत. स्क्रिप्टला कुठून येणार बोट? पान बंद करायची कमांड आहे, पण ती प्रत्येक कंपनीची वेगळी. एकीकडे ‘टर्मिनल लेंग्थ ०’, दुसरीकडे ‘स्क्रीन-लेंग्थ’ने सुरू होणारं काहीतरी, तिसरीकडे आणखी निराळं.

हे सगळं सहन करेन एक वेळ. पण चूक झाली तर ती धड सांगत नाहीत, याचा संताप येतो. लिनक्सवर कमांड फसली की एक्झिट कोड (जमलं की फसलं हे सांगणारा आकडा) मिळतो, स्क्रिप्ट तिथेच थांबवता येते. इथे? ओळ चुकली तर ‘इनव्हॅलिड इनपुट’ असा मजकूर स्क्रीनवर येतो, सेशन चालूच राहतं, आणि पुढची ओळ मुकाट्याने स्वीकारली जाते. आता अॅक्सेस लिस्ट घ्या, म्हणजे कोणाला अडवायचं आणि कोणाला सोडायचं याची यादी. वरची ‘डिनाय’ची ओळ नव्या आवृत्तीच्या व्याकरणात बसली नाही म्हणून नाकारली गेली, आणि खालची ‘परमिट’ मात्र लागली. जी वाट बंद करायची होती ती सताड उघडी, आणि स्क्रिप्टच्या लेखी सगळं आलबेल. नेटवर्कच्या सुरक्षिततेशी हा खेळ आहे, दुसरं काही नाही.

हे कोणाला माहीत नाही असंही नाही. जून २००२ मध्ये इंटरनेट आर्किटेक्चर बोर्डाने नेटवर्क चालवणाऱ्या लोकांना आणि प्रोटोकॉल लिहिणाऱ्यांना एकत्र बसवलं होतं. त्याचा अहवाल मे २००३ मध्ये आरएफसी ३५३५ (आरएफसी म्हणजे इंटरनेटबद्दलचे क्रमांकवार जाहीर दस्तऐवज) म्हणून निघाला. कमांड लाइन माणसासाठी बनलेली आहे, तिचं आउटपुट प्रोग्रामने वाचणं त्रासाचं आहे, एकाच कंपनीच्या दोन उपकरणांवर तीच कमांड वेगळी वागू शकते, हे सगळं त्यात स्वच्छ लिहिलंय. त्यातून नेटकॉन्फ आलं, प्रोग्रामने उपकरणांशी बोलायचा प्रोटोकॉल, २००६ मध्ये. त्याच वर्षी मायक्रोसॉफ्टचं पॉवरशेल आलं, ज्यात कमांड मजकुराऐवजी ऑब्जेक्ट (प्रत्येक भागाला नाव असलेली माहिती) पुढे देते, रकाने मोजायची गरजच नाही. लिनक्सची ‘आयपी’ कमांड ‘-जे’ लावलं की जेसन देते, म्हणजे प्रोग्रामला सहज वाचता येईल अशा साच्यातला मजकूर. ज्युनिपर कंपनीच्या स्विचमधल्या जुनॉसमध्ये बदल आधी बाजूला तयार होतात आणि ‘कमिट’ म्हटल्यावरच लागू होतात, आउटपुटही एक्सएमएल या तशाच साच्यात मागता येतं. म्हणजे करता येतं! ज्यांना करायचं होतं त्यांनी केलं.

आमच्याकडे आलेल्या विक्रीवाल्याला हेच विचारलं, तर म्हणे एपीआय (प्रोग्रामने थेट बोलायची सोय) आहे ना सर, वरच्या लायसन्समध्ये. म्हणजे मी विकत घेतलेल्या पेटीने मला तिची स्वतःची अवस्था नीट सांगावी यासाठी दरवर्षी वेगळे पैसे मोजायचे? चीड येते ऐकून.

आणि ऑफिसात साहेब विचारतात, ‘स्क्रिप्ट आहे ना तुमच्याकडे, मग इतका वेळ का?’ साहेब, स्क्रिप्ट लिहायला वेळ लागत नाही हो. समोरचा दर सहा महिन्यांनी बोली बदलतो, ती स्क्रिप्टला पुन्हा शिकवण्यात रात्री जातात, तेही मेंटेनन्स विंडो (नेटवर्कच्या देखभालीला दिलेली वेळ) उघडी असताना, चाकणच्या कारखान्याची पहाटेची पाळी लागायच्या आत.

टेंडर लिहिणाऱ्यांनो, पोर्ट किती, वेग किती, वॉरंटी किती वर्षं, हे बारकाईने लिहिता. त्याखाली एवढंही घाला: अवस्था दाखवणाऱ्या प्रत्येक ‘शो’ कमांडचं आउटपुट जेसन किंवा एक्सएमएलमध्ये, मूळ किमतीत, वेगळ्या लायसन्सशिवाय, आउटपुटचा साचा बदलला तर रिलीज नोट्समध्ये नोंद, आणि चुकलेल्या ओळीला एरर कोड. हे जमत नसेल त्या कंपनीची निविदा उघडूच नका.